अंगठ्याचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यात वैयक्तिक माहिती गोळा होण्याची सर्वांत रुळलेली वाट अंगठ्याची आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती आणि शंभरातले सुमारे पंचाऐंशी लोक खेड्यात राहणारे होते. या घरांना रेशनच्या धान्यासाठी दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा लावावा लागतो. गावातल्या बँक मित्राकडून पाचशे रुपये काढायचे तरी अंगठा, नवे सिम घेताना अंगठा, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवताना अंगठा. त्याच्या जोडीला आता फोटो आणि ठिकाणही जाते. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली; तिच्यात शेतकरी वावरात उभा राहून पिकाचा फोटो काढतो, तेव्हा त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटोने लागते. अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी पोषण ट्रॅकर हे ॲप लाभार्थीचा चेहरा तपासते.

माहिती देऊच नये, हा सल्ला अशा ठिकाणी फुकाचा आहे. अंगठा दिला नाही तर गहू-तांदूळ मिळत नाही आणि ई-केवायसी केली नाही तर योजनेचा हप्ता थांबतो. इथल्या नागरिकाच्या हातात उरते ते एवढेच: माहिती कोणाला, किती आणि कुठल्या कामापुरती द्यायची हे ठरवणे, आणि दिल्यानंतर जे बंद करता येते ते बंद करणे. बंद करता येण्याजोगे बरेच काही असते. ते कोणी सांगत नाही, एवढेच.

माणसांची पद्धतशीर नोंद ठेवण्याशी हिंगोली गावाचा संबंध जुना आहे. हिंगोली ही निजामाच्या काळात हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती आणि १८३३ च्या सुमारास ठगांविरुद्धच्या मोहिमेचे ते एक केंद्र होते. इंग्रज अधिकारी स्लीमनच्या त्या मोहिमेचा भर तलवारीइतकाच कागदावर होता: माफीच्या साक्षीदारांचे जबाब आणि टोळ्यांच्या वंशावळी. तेव्हा नोंद संशयिताची होत असे. आज ती रेशन कार्डावर नाव असलेल्या प्रत्येकाची होते, आणि हा फरक लहान नाही.

अंगठा लावल्यावर काय होते

देशातले पहिले आधार क्रमांक महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी वाटले गेले. नोंदणी करताना दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जातो आणि ते सगळे आधार प्राधिकरणाच्या साठ्यात राहते. रेशन दुकानात किंवा बँक मित्राकडे लावलेला अंगठा यंत्रातच सांकेतिक रूपात बदलून त्या साठ्याकडे पडताळणीला जातो. तिकडून ‘जुळले’ किंवा ‘जुळले नाही’ असे उत्तर येते. ई-केवायसी असेल तर नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटोही येतो. आधार कायदा २०१६ च्या कलम २९ नुसार बोटांचे ठसे आणि बुबुळे कोणत्याही कारणासाठी कोणालाही देता येत नाहीत.

म्हणजे मुख्य साठ्याला कायद्याचे कुंपण आहे. गळती होते ती कडेकडेने: सेवा केंद्राच्या संगणकात ‘डाउनलोड’मध्ये पडून राहिलेली पीडीएफ, व्हॉट्सॲपवर पाठवलेला आधारचा फोटो, झेरॉक्सच्या दुकानात टेबलावर राहिलेली जादा प्रत, आणि दुसऱ्याने आपल्या डोळ्यांनी वाचून घेतलेला ओटीपी. घरातल्या जाणत्या माणसाने लक्ष ठेवायचे ते इथे.

कुठल्या दिवशी, कुठल्या संस्थेने आधारची पडताळणी केली, हे नागरिकाला पाहता येते. ‘मायआधार’ या अधिकृत संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत गेल्यावर ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ या नावाखाली मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी दिसतात. महिन्यातून एकदा त्या पाहाव्यात. कुटुंब ऊसतोडीला गेले असताना गावाकडच्या तारखेला बोटाची पडताळणी झालेली दिसली, तर विचारणा करायला तेवढे कारण पुरेसे आहे. यासाठी आधारला स्वतःचाच, सुरू असलेला मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. अनेक घरांत सासू-सासऱ्यांच्या आधारला मुलाचा किंवा सेवा केंद्रचालकाचा क्रमांक जोडलेला असतो. मुलाचा एक वेळ ठीक. केंद्रचालकाचा असेल तर आधार केंद्रावर जाऊन तो आधी बदलून घ्यावा. पुढचे सगळे उपाय त्या क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीवर चालतात. अडचण आल्यास आधारचा मदत क्रमांक १९४७ आहे.

बोटावर चालणारी बँक

आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहाराला ना कार्ड लागते ना पिन. बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. तालुक्याच्या गावापासून दूर असलेल्या वाडी-तांड्यावरच्या म्हाताऱ्या माणसासाठी ही सोय मोठी आहे. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला एसटीने औंढ्याला किंवा सेनगावला जाण्याचा दिवस वाचतो. पण जी गोष्ट चोराच्या हाती लागल्यावर बदलता येत नाही, तीच इथे खात्याची किल्ली आहे. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिम विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या जमिनीच्या दस्तांतून अंगठ्यांचे ठसे उचलले, त्यांचे रबरी शिक्के बनवले आणि त्यांवर हजारो सिम सुरू केली. पुढे अशाच बनावट ठशांनी इतर राज्यांत खात्यांतून पैसेही काढले गेले. आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये जिवंत बोट आणि नकली ठसा ओळखणारी तपासणी आणली, तरी खातेदाराने आपली बाजू बंद करून ठेवणे शहाणपणाचे.

त्यासाठी ‘बायोमेट्रिक लॉक’ आहे. मायआधार संकेतस्थळावर किंवा आधारच्या अधिकृत ॲपमध्ये ही सोय मोफत मिळते. लॉक लावल्यावर त्या व्यक्तीच्या बोटाने, बुबुळाने किंवा चेहऱ्याने कुठलीही पडताळणी होत नाही. अंगठा लावायची वेळ आली की तात्पुरते उघडावे. दहा मिनिटांनी ते आपोआप पुन्हा बंद होते. आधारला जोडलेल्या क्रमांकावर येणारा ओटीपी मात्र लॉक असतानाही चालतो.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवून उपयोग नाही. लॉक लावले की रेशनच्या मशीनवरही बोट चालत नाही. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो पुण्याला कामावर गेलेल्या मुलाकडे आहे, तिथे आईच्या आधारला लॉक लावणे म्हणजे महिन्याच्या रेशनला घोर लावणे. व्यवहारात असे करता येते: रेशन कार्डावरच्या ज्या एका-दोघांच्या अंगठ्यावर धान्य उचलले जाते, त्यांचे लॉक उघडे ठेवावे आणि बाकी सर्वांचे लावावे. ज्यांच्या खात्यात मोठी रक्कम असते, म्हणजे हळदीची किंवा सोयाबीनची पट्टी ज्यांच्या खात्यात जमा होते, त्यांचे तर लावावेच. ज्यांचे उघडे राहते त्यांनी बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन आपल्या खात्यावरून आधारने पैसे काढण्याची सोय बंद करता येईल का ते विचारावे, किंवा अनुदानाचे खाते वेगळे ठेवून त्यात थोडीच शिल्लक राहू द्यावी. कुठल्या खात्याला आधार जोडलेले आहे हे मायआधारवरच ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये कळते, अनुदान दुसऱ्याच बँकेत गेल्याच्या बहुतेक तक्रारींचे उत्तर तिथे सापडते.

बँक मित्राकडे अंगठा एकदाच लावावा. ‘व्यवहार फेल झाला, पुन्हा लावा’ असे सांगितले तर आधी त्या फेल व्यवहाराची पावती मागावी आणि बँकेचा संदेश पाहावा, मग दुसऱ्यांदा बोट ठेवावे. अक्षर वाचता येत नसेल तर सोबत शाळकरी नातवाला न्यावे. पावतीवरची रक्कम वाचायला तेवढे शिक्षण पुरते.

उलटी तक्रारही तितकीच खरी आहे: ठसा उमटतच नाही. हळद काढणीने, ऊसतोडीने, विटभट्टीवरच्या कामाने बोटांवरच्या रेषा झिजतात आणि मशीन माणसाला ओळखत नाही. झारखंडमधल्या सिमडेगाच्या भूकबळीचे प्रकरण गाजल्यावर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवले, की आधार नाही किंवा पडताळणी झाली नाही या कारणावरून पात्र लाभार्थीला धान्य नाकारू नये. दुकानदाराने परत पाठवले तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागाकडे लेखी तक्रार करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. आधार केंद्रावर ठसे नव्याने देऊन पाहावेत. कार्डावरच्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो, हेही ध्यानात ठेवावे.

झेरॉक्स

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने आधारची छायाप्रत कोणालाही देऊ नये, फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत द्यावी, असे पत्रक काढले. गोंधळ उडाल्यावर २९ मे रोजी ते मागे घेतले गेले. सल्ला मागे गेला तरी ती प्रत अजून मिळते आणि ती वापरणे केव्हाही बरे. मायआधारवरून आधार उतरवून घेताना ‘मास्क्ड आधार’ हा पर्याय निवडला की पहिले आठ अंक झाकले जातात. फाइल उघडण्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मसाल. क्रमांकच द्यावा लागत असेल तर सोळा अंकी आभासी क्रमांक काढता येतो. तो हवा तेव्हा बदलता येतो.

लॉज, खासगी शिकवणी, मोबाइल दुकान, भाड्याची खोली अशा ठिकाणी झाकलेल्या अंकांची प्रत द्यावी. पूर्ण प्रत मागितली तर कशासाठी ते विचारावे आणि प्रतीवर आडवे लिहावे: ‘फक्त अमुक कामासाठी’, खाली तारीख आणि सही. कोऱ्या कागदावर अंगठा कधीही उठवू नये, हे सावकारीच्या काळापासून मराठवाड्याला शिकवावे लागलेले नाही.

सेवा केंद्रावर अर्ज भरताना कागद पेन ड्राइव्हमध्ये किंवा हातात न्यावेत. व्हॉट्सॲपवर पाठवावेच लागले तर काम झाल्यावर दोन्ही फोनवरून ते काढायला लावावेत. केंद्रचालक ओळखीचा असतो, गावकीचा असतो, त्यामुळे असे सांगायला जीव कचरतो. पण त्याच्या संगणकावर दिवसभरात शंभर माणसे बसतात, आणि त्यातला प्रत्येकजण ओळखीचा नसतो.

एक चूक, दहा कार्यालये

वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहणे हे आज शासनाचे सर्वांत प्रभावी साधन आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा निर्णय २८ जून २०२४ चा. वर्षभरात इतर याद्यांशी पडताळणी झाली आणि सुमारे २६ लाख लाभार्थी निकषांत बसत नसल्याचे माहिती तंत्रज्ञान विभागाने कळवल्याचे जुलै २०२५ मध्ये सांगण्यात आले. यादीत पुरुषही निघाले. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि तिच्यात पती किंवा वडिलांचे आधारही मागितले गेले. त्यानंतर एका प्रश्नाचा चुकीचा पर्याय दाबला गेल्यामुळे पात्र बायकांचेही हप्ते अडकले आणि अंगणवाडी सेविकांकडून घरोघरी पडताळणी करून घेण्याची वेळ आली. यंत्राने खोटे लाभार्थी शोधले हे खरे, आणि खऱ्यांना फेऱ्या मारायला लावल्या हेही खरे.

शेतीतही तेच घडते आहे. ॲग्रिस्टॅक या शेतीच्या डिजिटल नोंदीतला शेतकरी ओळख क्रमांक राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी बंधनकारक झाला. त्यात आधार आणि सातबारा एकमेकांना बांधले जातात. सातबाऱ्यावर ‘नामदेव’ आणि आधारवर ‘नामदेवराव’ असेल, सामाईक खात्यात हिस्सा चुकलेला असेल, वारसाचा फेरफार राहिला असेल, तर ती चूक आता पीक विमा, अतिवृष्टीची मदत आणि पीएम किसान या सगळीकडे एकदम जाते. म्हणून नवीन अर्ज भरण्यापूर्वी आधार, सातबारा, आठ अ, बँक पासबुक आणि रेशन कार्ड जमिनीवर शेजारी-शेजारी मांडून नाव, जन्मतारीख आणि पत्ता ताडून पाहावा. दुरुस्ती आधी आधारमध्ये करावी. बाकीची खाती त्याच्याशीच ताडून पाहतात. भरलेल्या प्रत्येक अर्जाची पावती आणि शेवटचा पडदा यांची छापील प्रत ठेवावी.

अशा सक्तीच्या तारखा जवळ आल्या की नकली संकेतस्थळांचे पीक येते. शासनाच्या खऱ्या पत्त्याचा शेवट सहसा ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा असतो. लाडकी बहीण योजनेचा पत्ताही त्यातच मोडतो. व्हॉट्सॲपच्या गटावर आलेल्या दुव्यावरून ई-केवायसी करू नये.

सक्ती सगळ्याच क्रमांकांची नसते: विद्यार्थ्यांचा बारा अंकी ‘अपार’ क्रमांक आणि चौदा अंकी ‘आभा’ आरोग्य क्रमांक हे दोन्ही संमतीवर चालतात. शाळेने संमतीपत्र दिले तर पालकांनी ते वाचूनच सही करावी.

मोबाइल

माहिती विकून चालणाऱ्या धंद्यांत ग्रामीण भागाला सर्वांत जास्त चटका कर्ज देणाऱ्या ॲपचा बसला आहे. पेरणीच्या तोंडावर पाच हजार रुपये दहा मिनिटांत मिळतात, पण बदल्यात ॲप फोनमधली सगळी नावे आणि फोटो उचलते. हप्ता थकला की फोन सोयऱ्या-धायऱ्यांना जातात. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी प्रथम आणलेल्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपला फोनमधली संपर्क यादी, फाइली, फोटो आणि कॉलची नोंद पाहता येत नाही. कॅमेरा, माइक आणि ठिकाण यांची परवानगी केवायसीपुरती, एकदाच घेता येते. जे ॲप नावांची यादी मागते ते नियमाबाहेरचे, इतकी साधी पारख पुरेशी आहे. त्याची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर करता येते.

दुसरा धोका ‘एपीके’ म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइलींचा. लग्नपत्रिका, आरटीओचे चलान, पीएम किसानची यादी अशा नावांनी ही फाइल व्हॉट्सॲपवर येते आणि उघडली की फोनमधले एसएमएस, म्हणजेच बँकेचे ओटीपी, दुसरीकडे जाऊ लागतात. पाठवणारा क्रमांक ओळखीच्याच पाहुण्याचा असतो, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली कोणतीही फाइल उघडू नये. उघडलीच गेली तर आधी इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे आणि फोन रिसेट करून घ्यावा.

एरवीच्या काळजीसाठी सेटिंग्जमधल्या ‘परमिशन मॅनेजर’मध्ये जाऊन ठिकाण, संपर्क, माइक आणि एसएमएस यांची परवानगी कोणकोणत्या ॲपला आहे ते पाहावे. टॉर्चच्या ॲपला नातेवाइकांचे नंबर लागत नाहीत. नकाशाला ठिकाण लागते, पण ‘ॲप वापरतानाच’ एवढे पुरते.

आपल्या नावावर किती सिम आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसते. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावे नऊपर्यंत सिम चालतात. अनोळखी क्रमांक दिसला तर तिथूनच तो बंद करायला सांगता येतो, आणि हरवलेला मोबाइलही तिथून निकामी करता येतो. याच नावाचे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून घालण्याचा केंद्राचा आदेश नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस निघाला आणि पाळतीच्या शंकेवरून ओरड झाल्यावर डिसेंबरच्या सुरुवातीला मागे घेण्यात आला. संकेतस्थळावर काम होत असताना ॲप ठेवायचे की नाही, हे ज्याने-त्याने ठरवावे.

घरावर किंवा दुकानावर कॅमेरा बसवणाऱ्यांसाठी थोडेच: कॅमेऱ्याचे तोंड स्वतःच्या दाराकडे आणि रस्त्याकडे ठेवावे, शेजाऱ्याच्या अंगणात नव्हे, आणि यंत्रासोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. तो न बदललेला कॅमेरा घरधन्याइतकाच परक्यालाही घर दाखवतो.

कायद्याने मिळालेले हक्क

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालाने शासकीय लाभ आणि पॅन यांसाठी आधारची सक्ती मान्य केली. बँक खाते, सिम आणि शाळाप्रवेश यांसाठीची सक्ती मात्र अमान्य ठरवली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बँक किंवा मोबाइल कंपनी आधार स्वीकारू शकते, पण खातेदाराच्या खुशीने. दुसरे ओळखपत्र दाखवण्याचा पर्याय राहतो.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य बंधने नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तेव्हापासून माहिती घेणाऱ्याला ती कशासाठी घेतो हे सांगावे लागेल, आणि ही सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येईल. दिलेली संमती मागे घेता येईल, चूक दुरुस्त करून घेता येईल, काम संपल्यावर माहिती पुसायला सांगता येईल. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागेल आणि माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. कायद्याचा कमकुवत भाग असा, की शासनाला त्यातून बरीच सूट आहे, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात सर्वांत जास्त माहिती शासनच घेते. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकारातले कलम ८(१)(जे) बदलले. ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून अर्ज फेटाळणे त्यामुळे कार्यालयांना सोपे झाले.

पैसे गेले तर

खात्यातून न कळता पैसे गेल्याचे दिसताच १९३० वर फोन करावा. तो राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक आहे आणि पैसे पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता पहिल्या तासाभरात जास्त असते. फोनवर व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि बँकेचे नाव विचारतात, म्हणून संदेश पुसू नये. त्यानंतर सायबर पोलिस ठाण्यात किंवा जवळच्या कुठल्याही ठाण्यात, मग ते कळमनुरीचे असो वा वसमतचे, लेखी तक्रार द्यावी. हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. त्याच दिवशी बायोमेट्रिक लॉक लावावे.

बँकेकडची तक्रार वेगळी आणि लेखीच करावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने प्रथम आणलेल्या नियमांनुसार चूक ना बँकेची ना खातेदाराची, अशा प्रकरणात बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर खातेदारावर काहीच भार येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवल्यास भार मर्यादित राहतो. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान खातेदाराचे, म्हणून लाज वाटली तरी उशीर करू नये. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करणे आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढणे बँकेवर बंधनकारक आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. त्यासाठी माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते आणि अर्जासोबत बँकेला दिलेल्या तक्रारीची पोच जोडावी लागते.